दुसऱ्या केंद्राचं तापमान

त्या वर्षी आमच्या गावात उष्णतेची जी लाट आली, ती माझ्या अंगातून आली होती. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या लाटेचा एकेक आकडा मी स्वतः, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत, जिभेखाली नळी धरून टिपला होता. शाळा तीन दिवस बंद राहिल्या, बागेतलं कारंजं थांबलं, नगरपालिकेनं चौकाचौकात पाण्याची पिंपं ठेवली आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अख्ख्या गच्चीला चुना फासायला लावला. एका पाच फूट एक इंचाच्या बाईत एवढी उलथापालथ करायची ताकद असेल, असं मला तरी कुठे माहीत होतं!

मी हवामान केंद्रात निरीक्षक आहे. केंद्र म्हणजे टेकडीवरची एक खोली, अंगणात जाळीदार झडपांची पांढरी पेटी, पेटीत तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं भांडं आणि टेबलावर एक मुका टेलिफोन. त्या टेलिफोनच्या तक्रारीला आता क्रमांक मिळाला आहे, आवाज मिळायचा आहे. आम्ही दोघं निरीक्षक. एका आठवड्यात पहाटेची नोंद माझी, दुसऱ्या आठवड्यात साडेआठची. वारा कुठून येतोय हे विचारायला मला वर बघावं लागत नाही. तो येताजाता माझ्या पदराला सांगून जातो. चौदा वर्षांत माझी एकही नोंद मुख्य कार्यालयातून परत आलेली नाही. हे मी सहज सांगतेय असं दाखवते, पण दिवसातून एकदा तरी सांगते. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी होती, माझं नाव वर गेलं होतं, आणि वर गेलेली नावं खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागत होता.

मूळ प्रकल्प मात्र अगदी लहान होता. आम्हाला तिसरं मूल नको होतं. एक नऊ वर्षांची, एक पाच वर्षांची, दोघी मिळून घर पुरेसं डोक्यावर घेत होत्या. मी गोळ्या घेत होते आणि माझं डोकं दुखत होतं. साधंसुधं नाही. आधी डोळ्यांसमोर चमचमत्या नागमोडी रेघा यायच्या आणि मग अर्ध्या कपाळात कुणीतरी छिन्नीनं पाटा टाकवायला बसायचं. घरात सासूबाई आहेत. त्यांना दोन ओळी जुळवल्याशिवाय बोलताच येत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते यमकात कळतं. त्या माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत म्हणायच्या,

"डोकं ठणकतं बाई, जशी उन्हात परात,
गोळी गिळून गिळून दुखणं आणलं घरात."

यमक बाजूला ठेवलं तर निदान बरोबर निघालं. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "रेघा दिसतात? मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं वीज चमकतेय," मी म्हटलं. धंद्याची सवय.

"या हार्मोनच्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. रेघा दिसणारी डोकेदुखी असली की त्यांचा धोका वाढतो. आजपासून बंद. हार्मोन नसलेले उपाय भरपूर आहेत." आणि त्यांनी एक ताटली आमच्यापुढे सरकवली. "बघा, हात लावा, प्रश्न विचारा."

नवरा माझ्या शेजारी बसला होता. तो शाळेत चित्रकला शिकवतो. आकड्यांशी त्याचा संबंध हजेरीपुरता, पण आकारांवर जीव. त्यानं ताटलीतली तांबी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाला, "काय नेमकी रेष आहे! एकही कोपरा वाया नाही."

"ती गर्भाशयात बसवतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानं ती इतक्या हळू खाली ठेवली, की जणू ती झोपली होती.

डॉक्टरबाईंनी एकेक समजावलं. निरोध रोगांपासूनही वाचवतं, पण प्रत्येक वेळी वापरलं तर; कपाटात ठेवून त्याचा उपयोग नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी बसवायचा रबरी पडदा मापाचा घ्यावा लागतो आणि आधी आठवणीनं बसवावा लागतो. तांबी एकदा बसवली की दहाएक वर्षं बघायला नको, नको झाली की काढता येते. मात्र पहिले काही महिने पाळीला जास्त जातं, कळाही येतात. आणि ऑपरेशन. "यांचं जास्त सोपं. वीस मिनिटांचं काम. मग तीन महिन्यांनी तपासणी करायची, तोवर दुसरं साधन वापरायचं. पण हे कायमचं हं, पुन्हा विचार बदलायचा नाही."

"मी तयार आहे," नवरा म्हणाला. गृहपाठ न केलेली मुलं ज्या आवाजात 'केलाय' म्हणतात, तो आवाज मी ओळखते. पण म्हणाला, हे महत्त्वाचं. बरेच जण त्या क्षणी खिडकीबाहेर बघतात.

"आणि शेवटचा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोज उठल्याउठल्या अंगाचं तापमान मोजायचं. बीज बाहेर पडलं की ते दोन-तीन दशांशांनी चढतं आणि चढलेलंच राहतं. सोबत अंगावरून जाणं कोरडं आहे की ओलसर, हे लिहायचं. पण यात चुका सगळ्यांत जास्त होतात. पहिले तीन महिने नुसतं शिकायचं, तोवर निरोध. फार शिस्त लागते."

दशांश! शिस्त! रोजची नोंद! माझ्या कानात सनई वाजायला लागली. एवढी जनता तापमान मोजायला कंटाळते आणि इथे मी त्याचाच पगार घेते!

"डॉक्टरबाई, माझं ठरलं."

"तुमच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत ना?"

"सरकारी आहेत," मी ऐटीत सांगितलं. प्रश्न काय होता आणि उत्तर काय होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

औषधांच्या दुकानात नवऱ्याला पाठवलं. दशांश दाखवणारा तापमापक आणि निरोधची दोन पाकिटं, एवढीच यादी. तो दुकानात पोचला तेव्हा वरच्या काकू खोकल्याचं औषध घेत होत्या. काकूंना बघून याचं धैर्य अर्ध्यावर आलं आणि त्यानं यादीही अर्धीच सांगितली.

"कुणाला ताप आहे का हो?" काकूंनी विचारलं.

"हो," हा म्हणाला. माणूस खोटं बोलला की थोडक्यात बोलतो.

मी घरी पोचायच्या आधी काकू काढ्याचं पातेलं घेऊन हजर. "पी गरमगरम. अंगात मुरलेला ताप वाईट." मी म्हटलं ताप नाही. त्या म्हणाल्या, मग मोजता कशाला? काढा इतका कडू होता, की तिसऱ्या घोटाला मी खरं काय ते सांगून टाकलं.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं, पदर सावरला आणि अनुभवी माणसाच्या स्वरात म्हणाल्या, "इतकं कशाला करायचं? मी तर भांडायचे."

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी एक कडाक्याचं भांडण काढायचं. माणूस चुकूनसुद्धा तुझ्या बाजूला वळायचा नाही. गोळी नको, दवाखाना नको."

"पण काकू, तुम्हाला तर तीन मुलं!"

"अगं, कधीतरी भांडण मिटतंच की," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच लाजल्या.

निरोधची पाकिटं दुसऱ्या दिवशी लांबच्या दुकानातून आली आणि माझं काम सुरळीत सुरू झालं. नोंदीला कागद हवा होता. वहीत रेघा मारायचा कंटाळा आला आणि घरात केंद्राच्या 'नमुना अकरा'चे चार कोरे कागद पडलेले होते. नमुना अकरा म्हणजे महिन्याचा तक्ता. तारीख, दैनिक किमान तापमान एका दशांशापर्यंत, आर्द्रतेची खूण, पावसाची खूण, शेरा. मला जे लिहायचं होतं त्या सगळ्याला त्यात आधीच जागा केलेली होती. इतकी सोय आमच्या खात्यानं आजवर कुणाची केली नसेल. कोरड्या दिवसाला रिकामं वर्तुळ, ओलसर दिवसाला अर्धं भरलेलं, ओल्याला पूर्ण. पाळीच्या दिवसांना लाल पेनानं थेंब. कागद फळीच्या चिमट्यात, फळी उशीखाली. तिसऱ्या महिन्यात तर पाळी नेमकी एक तारखेला आली, त्यामुळे तक्ता इतका देखणा दिसायला लागला, की तो कुणाला दाखवता येत नाही याचंच वाईट वाटायचं. आपल्याच अंगात रोज पहाटे एक छोटं ऊन उगवतं, महिन्याच्या मध्यावर ते जरासं चढतं, काही दिवस ओसरीवर बसतं आणि निघून जातं. पस्तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

गोळ्या थांबल्यावर डोकं जवळजवळ शांत झालं होतं. पण त्या महिन्याच्या अठरा तारखेला, उपाशीपोटी टेकडी चढले, पांढऱ्या पेटीवरून ऊन डोळ्यांत आलं आणि रेघा सुरू झाल्या. साडेआठची नोंद कशीबशी घेतली. चोवीस पूर्णांक एक. तक्ता पिशवीत टाकला आणि भिंत धरत घरी आले. केंद्रातला फोन मुका, म्हणून आकडा आम्ही घरून कळवतो. जोडीदार निरीक्षक रजेवर. मी पलंगावर आडवी झाले, डोळ्यांवर फडकं घेतलं आणि नवऱ्याला म्हटलं, "मुख्य कार्यालयाला फोन कर. आजचं किमान सांग. कागदावर आहे."

मी म्हणत होते पिशवीतला कागद. त्यानं उशाकडे पाहिलं. तिथे फळी होती, फळीवर नमुना अकरा होता, त्याच्यावर छापलेलं होतं 'दैनिक किमान तापमान'. माणसानं आणखी काय बघायचं?

पुढचं संभाषण नवऱ्यानं मला नंतर शब्दशः सांगितलं. प्रामाणिक माणूस आहे. प्रामाणिकपणानंच सगळा घात केला.

"टेकडी केंद्र. आजचं किमान छत्तीस पूर्णांक सात."

पलीकडच्या कारकुनाचा पेन थांबला. "छत्तीस? किमान?"

"सात दशांश."

"अहो, काल तर तेवीस पूर्णांक आठ लिहिलंय मी!"

इथे एखादा साधा नवरा 'थांबा, विचारून सांगतो' म्हणाला असता. पण माझ्या नवऱ्याला माझा अभिमान आहे. त्यानं फळी घट्ट धरली. "काल छत्तीस पूर्णांक सहा होतं. परवा पाच. हे बघा, माझी बायको चौदा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. ऐकण्यात तुमची चूक झाली असणार."

कारकून नवा होता. चुकीचा ठपका आपल्यावर येतोय म्हटल्यावर तो मऊ झाला. "मग एक तारखेपासून सांगता का? दुरुस्त करून घेतो."

नवऱ्यानं एक तारखेपासून अठरा तारखेपर्यंत सावकाश, स्पष्ट उच्चारांत वाचून दाखवलं. दोनदा.

"पण साहेब, कमाल तेहतीस आणि किमान छत्तीस कसं?"

"मग कमालही तुमच्याकडेच चुकलंय."

कारकुनानं कमालही दुरुस्त केलं. अंदाजानं.

"पाऊस?"

"पहिले पाच दिवस. थेंब काढलेत. लाल."

"लाल?"

"जोराचा असेल," नवरा म्हणाला.

मी ते दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले. वीस तारखेला डोकं उतरलं, बाहेर आले, चहाचा कप घेऊन वर्तमानपत्र उघडलं. पहिल्या पानावर पाच स्तंभी मथळा: 'रात्रीही छत्तीसच्या वर! टेकडी केंद्राच्या धक्कादायक नोंदी'. खाली चौकटीत अठरा दिवसांचे आकडे. चौदा, छत्तीस पूर्णांक तीन. पंधरा, छत्तीस पूर्णांक दोन. सोळा, छत्तीस पूर्णांक पाच. सतरा, सहा. अठरा, सात. आकडे ओळखीचे वाटले. जत्रेच्या गर्दीत समोरून आपलंच पोर यावं तसे ते माझ्याकडे धावत आले. खाली एका तज्ज्ञानं लिहिलं होतं, की पंधरा तारखेनंतरची वाढ अल्प असली तरी निश्चित आहे आणि तिच्यामागे काहीतरी मोठं नैसर्गिक कारण असावं.

तेवढं मात्र त्यांनी अचूक ओळखलं होतं.

"अरे," मी नवऱ्याला हाक मारली, "तू फोनवर काय वाचलंस?"

त्यानं उत्साहानं फळी आणून दाखवली. मी लाल थेंबांवर बोट ठेवलं. तो बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचे रंग एकेक करून उतरत गेले. शेवटी नुसती पेन्सिल उरली.

"म्हणजे अख्ख्या गावानं..." तो म्हणाला.

"हो."

"मुख्याध्यापकांनीसुद्धा..."

"शाळा कशावरून बंद झाली तुझी?"

त्यानं फळी पोटाशी धरली. ती आता लपवण्यात काहीच अर्थ नव्हता. पाच स्तंभांत छापून झालं होतं.

गाव तर पेटलंच होतं. वीस तारखेपर्यंत ज्यांना काही जाणवलं नव्हतं, ते आता पंख्याखाली हाशहुश करत बसले होते. "मला वाटतच होतं," काकू जिन्यात सांगत होत्या, "तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही. आणि हिचा ताप, तोसुद्धा या हवेचाच!" मी म्हटलं, काकू, हवा छान आहे, मी स्वतः मोजलीय. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि घाम पुसत म्हणाल्या, "तुला ताप आहे म्हणून तुला कळत नाही." चौदा वर्षांचा अनुभव असलेल्या निरीक्षकाला याहून मोठा अपमान नाही.

मी मुख्य कार्यालयाला फोन केला. "नोंद चुकीची गेलीय, मागे घ्या."

कारकून म्हणाला, "आता नाही घेता येणार. एकदा दुरुस्त झालीय. दुरुस्तीची दुरुस्ती करायला नमुना सव्वीस भरावा लागेल. कारणाचा रकाना आहे. एक, उपकरणात बिघाड. दोन, निरीक्षकाची चूक. तीन, भूकंप."

"यांतलं काहीच नाही."

"मग साहेब स्वतः तपासायला येतील. परवा."

जोडीदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सरळ बिघाड लिहा ना! तापमापकाला काय, तो थोडाच बोलणार आहे?" पण तो तापमापक माझ्यासोबत चौदा वर्षं उन्हापावसात उभा होता. त्यानं एकदाही मला खोटा आकडा दिला नव्हता. मी त्याच्यावर खोटा आळ कसा घ्यायचा? 'निरीक्षकाची चूक' लिहिली, तर केंद्रप्रमुखाची जागा गेलीच. आणि खरं लिहायचं, तर माझी पाळी सरकारी फाइलीत कायमची जाऊन बसणार, आवक क्रमांकासकट.

दुपारी स्वयंपाकघरात बसले होते. नवरा दोन दिवसांत सत्तावीस वेळा माफी मागून झाल्यामुळे गप्प होता. सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मला वाटत होतं त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी हात पुसले, फळी ओढून घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ तक्त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"ही रेघ चढलीय, तेव्हा काय होतं गं?"

मी सांगितलं. बीज सुटतं, अंग जरासं तापतं.

"आणि हे सगळ्या बायांना होतं? मलाही होत होतं?"

"हो आई. दर महिन्याला."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग नेहमीच्याच आवाजात, कोथिंबिरीच्या काड्या मोडत म्हणाल्या,

"पाच लेकरांची आई, पाच वेळा जन्मा आले,
कुणी पुसलंच नाही, बाई, पुरे का गं झाले."

नवऱ्यानं मान वर केली. पाचातला तो चौथा. मग सासूबाईंनी फळी माझ्या हातात दिली. "लाज कशाची वाटते तुला? चोरी केलीस? हिशेब ठेवलास, तोही स्वतःच्या अंगाचा. येऊ दे तुझ्या साहेबाला. चहा मी ठेवते."

साहेब आले. खात्यात त्यांना सगळे 'पारा' म्हणतात, कारण ते बोलत नाहीत, फक्त चढतात किंवा उतरतात. सोबत मखमली पेटीत मुख्य कार्यालयाचा प्रमाण तापमापक. टेकडीवर जाऊन त्यांनी तो आमच्या तापमापकाशेजारी टांगला आणि आम्ही दोघं अर्धा तास त्या दोन काचेच्या नळ्यांकडे बघत उभे राहिलो. दोन्हीकडे सव्वीस पूर्णांक चार. मला भरून आलं. मुलगी वर्गात पहिली आली तेव्हाही इतकं भरून आलं नव्हतं.

"उपकरण बरोबर," साहेब म्हणाले. "मग छत्तीस कुठून आलं?"

मी पिशवीतून फळी काढली. आवाज हवामान सांगतानाचाच ठेवला. "साहेब, हा केंद्राचा कागद नाही. हा माझ्या शरीराचा आहे. मला हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, म्हणून गर्भ राहू नये यासाठी मी रोज तापमान मोजते. नवऱ्यानं चुकून हा वाचला. थेंब म्हणजे पाळी. तिसरा महिना आहे."

वारा थांबला. पेटीच्या झडपासुद्धा वाजेनात. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. फळी हातात घेतली. मला वाटलं आता पारा चढणार. ते एकेक आकडा बघत गेले. बोट तेरा तारखेवर थांबलं.

"नोंद किती वाजता घेता?"

"उठल्याउठल्या."

"किती वाजता?"

"पहाटपाळी असली की चारला. नसली की साडेसहाला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. "बाई, निरीक्षणाची वेळ अडीच तासांनी मागेपुढे? आणि दर आठवड्याला? पहाटे चारचा आकडा आणि साडेसहाचा आकडा एका रकान्यात?" ते खरोखर दुखावले होते. "बाकी सगळं राहू द्या. पण ही नोंद ग्राह्य नाही. या केंद्रात तुम्ही असलं चालवून घेतलं असतं?"

डॉक्टरबाईंचा प्रश्न तीन महिन्यांनी, टेकडी चढून, दमत दमत माझ्यापर्यंत पोचला. तुमच्या कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत ना? नव्हत्या. कधीच नव्हत्या. माझी चूक फोनची नव्हती, कागदाची नव्हती. ही होती, आणि ती या अबोल म्हाताऱ्याला सोडून कुणाला दिसली नव्हती. आणि ज्या दोन-तीन दशांशांवर मी माझं पुढचं सगळं आयुष्य टांगणार होते, ते माझ्या कामाच्या वेळांनी केव्हाही इकडेतिकडे केले असते.

"नसतं चालवून घेतलं," मी म्हटलं. "ही पद्धत आजपासून बंद."

"योग्य," साहेब म्हणाले. घरी येऊन त्यांनी सासूबाईंचा चहा घेतला, आणि जाताना टेबलावर बसून अहवाल लिहिला. चारच वाक्यं. 'उपकरण योग्य. निरीक्षक योग्य. नोंदी प्रामाणिक आहेत. मात्र कागद दुसऱ्या केंद्राचा आहे.' सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं एकही लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी लाट ओसरली. वर्तमानपत्रानं आतल्या पानावर दोन ओळी दिल्या. काकूंना एकदम गार वाटायला लागलं आणि त्यांनी याचं श्रेय गच्चीच्या चुन्याला दिलं.

त्याच आठवड्यात मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. नवऱ्यानं बाहेर पडताना परत एकदा विचारलं, "मी करून घेऊ का ऑपरेशन? या वेळी खरंच विचारतोय." आणि आवाज खरा होता. मी त्याचा हात धरला. "माहीत आहे. पण मला माझ्याकडचं दार माझ्या हातानं लावायचंय, आणि वाटलं तर माझ्याच हातानं उघडायचंय." तांबी बसवली. कळ आली, दोन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले, पुढच्या पाळीला जास्त गेलं, तेही सांगितल्याप्रमाणे. बाकी काही नाही. डोळ्यांपुढच्या रेघा पुन्हा आल्या नाहीत. सासूबाईंनी काकूंना जिन्यात ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं,

"माझ्या सुनेच्या दाराला तांब्याची गं कडी,
तीच लावी, तीच काढी, तिच्या मर्जीची ती घडी."

काकू दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीसाठी डॉक्टरबाईंचा पत्ता घेऊन गेल्या. काढ्याचं पातेलं परत नेलं, तेवढी एक सुटका.

सगळं मिटलं असं मला वाटलं. पण आमचं खातं कागद विसरत नाही. चार महिन्यांनी मुख्य कार्यालयातून दोन पाकिटं आली. पहिल्यात माझ्या केंद्रप्रमुख म्हणून नेमणुकीचा हुकूम. दुसऱ्यात एक पत्र: 'तपासणी अहवालात नमूद केलेल्या दुसऱ्या केंद्राची नोंद या कार्यालयाकडे आढळत नाही. तसेच सदर केंद्राकडून गेले चार महिने नमुना अकरा प्राप्त झालेला नाही. तरी केंद्राचे ठिकाण, उंची, निरीक्षणाची सद्यःस्थिती व केंद्रप्रमुखाचे नाव उलट टपाली कळवावे.'

नवरा म्हणाला, "आता काय करायचं?"

मी पेन उघडलं. चौदा वर्षांत खोटी नोंद पाठवलेली नाही, आता कशाला पाठवू? एकेक रकाना नीट अक्षरांत भरला.

ठिकाण: फिरतं. उंची: एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर. निरीक्षण: रोजचे बंद केले आहे, केंद्र उत्तम चालू आहे. केंद्रप्रमुख: मी स्वतः.

आणि खाली, आता मला अधिकारानं मिळालेला शिक्का दोनदा मारला.